खडीच्या वाटेवरची मोटरसायकल

डांबरी रस्त्यासाठी बनविलेली मोटरसायकल खडीच्या, मुरमाच्या, धोंड्यांच्या वाटेने दूरच्या प्रवासाला न्यावयाची असेल तर तिच्यात काय बदल करावेत? हा प्रश्न आता मूठभर हौशी लोकांचा राहिलेला नाही. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईकडची कितीतरी मंडळी लडाखला आणि स्पितीला दुचाकीवरून निघतात. पुष्कळांपाशी रोज कामावर जाण्याचीच गाडी असते. निघण्यापूर्वी ती गॅरेजात जाते, आणि तेथे जादा दिवे, आवाजाचा सायलेन्सर, पत्र्याच्या मोठमोठ्या पेट्या असा खर्च होतो. खडीवर या गोष्टी क्वचितच उपयोगी पडतात. म्हणून कोणता बदल कशासाठी करावयाचा आणि त्याची किंमत काय मोजावी लागते, हे आपण नीट पाहू.

आधी खडीचा स्वभाव समजून घ्या. डांबरावर टायर रस्त्याला धरून राहतो, कारण रस्ता जागचा हलत नाही. खडीवर रस्ताच हलतो. वरचे सुटे खडे खालच्या खड्यांवर गोट्यांसारखे घरंगळतात. मग टायर धरणार कशाला? मातीतून नांगर जावा तसे पुढचे चाक खडीतून वाट काढीत जाते, आणि हँडल थोडे इकडेतिकडे डुलते. हे डुलणे साहजिक आहे. नवखा माणूस मात्र घाबरतो, हँडल आवळून धरतो, पुढचा ब्रेक दाबतो, आणि गाडी आडवी होते. तेव्हा सगळ्या बदलांचे हेतू तीनच: पुढचे चाक मोकळेपणाने चालू द्यावे, वजन कमी ठेवावे, आणि गाडी पडलीच तर उचलून पुन्हा चालविता यावी.

अशा वाटांसाठी मुद्दाम बनविलेली गाडी वेगळी कशात असते? रॉयल एनफील्डची २०२१ साली नव्या रूपात आलेली क्लासिक ३५० घ्या. वजन १९५ किलो, पोटाखालची उंची १७० मिलिमीटर, पुढचे चाक १९ इंची, आणि पुढचा फोर्क १३० मिलिमीटर खालीवर होतो. त्याच कंपनीने २०१६ साली ४११ सीसीची हिमालयन काढली. तिची पोटाखालची उंची २२० मिलिमीटर, पुढचे चाक २१ इंची, फोर्कचा वाव २०० मिलिमीटर. वजनात फारसा फरक नाही, ताकदही काही दुप्पट नाही. खरा फरक उंचीत, चाकात आणि स्प्रिंगच्या वावात आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि धोंड्यावर सहज चढते. बैलगाडीचे चाक एवढे मोठे असते, त्यामागेही हे एक कारण आहेच.

मग आपल्या क्लासिकला २१ इंची चाक बसवून घ्यावे का? मुळीच नको. पुढची बाजू उचलली जाते, फोर्कचा कल बदलतो, टायर मडगार्डला घासू लागतो. मागचे शॉक जास्त लांब घातले तर चेनचा कोन बिघडतो, साइड स्टँड आखूड पडतो आणि हँडल चंचल होते. गाडीचे सगळे भाग एकमेकांना धरून बेतलेले असतात. एक ओढला की दुसरा ताणतो. टेड सायमन हा ब्रिटिश पत्रकार १९७३ साली लंडनहून निघाला आणि चार वर्षे जगभर फिरला, तो ५०० सीसीच्या ट्रायम्फ टायगरवर. ती रस्त्यावरचीच गाडी होती. सांगण्याचा मुद्दा असा, की गाडीचा सांगाडा न बदलताही पुष्कळ करता येते.

सर्वांत आधी टायर. ज्याच्या गाठींमध्ये रुंद चर आहेत असा टायर खडीत पाय रोवतो. पण फार मोठ्या गाठींचा टायर ओल्या डांबरावर कमी धरतो आणि लवकर झिजतो. घरापासून हिमालयापर्यंत डांबरच जास्त लागणार, म्हणून मध्यम गाठींचा टायर बरा. खडी लागली की कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा हवा चार-सहा पौंडांनी कमी करा. टायर जरा पसरतो आणि खड्यांवर चांगला बसतो. याहून कमी केली तर धोंड्यावर आदळून रिम चेपते, ट्यूब चिमटते. डांबर लागताच हवा पुन्हा भरायची, म्हणून हातपंप सामानात हवाच. स्पोकचे चाक वाकले तरी गावातल्या मिस्त्रीकडून आऊट काढून घेता येते. अलॉयचे तडकले तर तेथेच बसावे लागते. उलट स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते, आणि पंक्चर काढायला चाक उतरवावे लागते. ते काम घरच्या अंगणात दोनदा करून पाहा.

नंतर स्प्रिंग. नवे शॉक घेण्याआधी असलेले जुळवून घ्या. तुम्ही आणि तुमचे सामान बसल्यावर गाडी स्प्रिंगच्या एकूण वावाच्या साधारण एक तृतीयांश दबावी. त्याहून जास्त दबत असेल तर मागच्या शॉकची चकती पान्याने एक-दोन घरे पुढे सरकवा. फुकटात होणारे हे काम, पण बहुतेक लोक ते करीतच नाहीत.

तिसरी गोष्ट स्वाराच्या बसण्या-उभे राहण्याची. खडबडीत जागी पायदानांवर उभे राहून गाडी चालवितात. त्याने गाडीचे गुरुत्वमध्य खाली येते असे पुष्कळ जण सांगतात, ते काही खरे नाही. होतं काय, की गुडघे आणि कोपर स्प्रिंगचे काम करतात. गाडी खाली हलते, पण अंगाचे वजन तिच्याबरोबर हिसके देत नाही. त्यासाठी रुंद, दातेरी पायदाने घ्यावीत, आणि उभे राहिल्यावर वाकावे लागू नये इतपत हँडल उंच करावे. हँडल उंच केले की केबली शेवटपर्यंत दोन्हीकडे वळवून पाहाव्यात. ताणलेली क्लच केबल निर्जन जागीच तुटते.

आता पडण्याची तयारी. इंजिनाखाली जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावा, ज्याला गॅरेजात बॅश प्लेट म्हणतात. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरांचे बूच किंचित सैल ठेवा, म्हणजे गाडी पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरेल. बुलेटवाल्यांची एक जुनी युक्ती फार चांगली आहे: जादा क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारीच बांधून ठेवायची. जुनी तुटली की नवी दहा मिनिटांत जोडली जाते.

सामानाच्या बाबतीत हात आखडता घ्या. जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे. मागे उंच बांधलेले ओझे पुढचे चाक हलके करते. पत्र्याच्या पेटीखाली पाय सापडला तर हाड मोडते. कापडी पिशवी त्या मानाने दयाळू. पेट्रोलचे गणित कागदावर करा. मनालीहून लेहकडे जाताना तांदीच्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी प्रवाशांनी वर्षानुवर्षे वाचली आहे. क्लासिकच्या टाकीत १३ लिटर मावते. लिटरला ३५ किलोमीटर मिळाले तर ४५५ किलोमीटर जाल. पण चढावर, खालच्या गिअरमध्ये २५ वर आले तर ३२५ किलोमीटरवरच थांबाल. पाच लिटरचा डबा एवढ्यासाठी.

याच वाटेवरची तंगलंग ला खिंड ५,३२८ मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण दाट होऊन प्लग काळा पडतो. इंजेक्शनची गाडी पेट्रोल बेताने सोडते, पण गेलेली ताकद तीही परत आणू शकत नाही. अशा वेळी पुढचे दातेरी चाक एका दाताने लहान केले तर उपयोग होतो. पंधराचे चौदा केले की ओढ सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि तितकाच वेग घटतो.

ब्रेकविषयी एक सावधगिरी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. डांबरावर ते जीव वाचविते. सुट्या खडीवर मात्र थांबायला अधिक अंतर लागते. म्हणून फ्यूज काढून टाकण्याच्या भानगडीत पडू नका. वेग कमी ठेवा आणि अंतर राखा.

कायद्याचेही ऐका. मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील कंपनीच्या तपशिलांहून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. इंजिन आणि चासी यांना हात न लावणे हे शहाणपणाचेही आहे आणि कायद्याचेही.

शेवटी एक कसोटी सांगतो. तयारी झाली की सगळे सामान लादून गावाबाहेरच्या मुरमाच्या रस्त्यावर एक रविवार घालवा. गाडी मुद्दाम हळूच आडवी करा, आणि एकट्याने उचलून पाहा. उचलता आली नाही तर नवे काही विकत घेऊ नका. सामानातले काहीतरी घरी ठेवा, आणि पुन्हा उचलून पाहा. खिंडीत मदतीला माणूस येईलच असे नाही. जी गाडी तुम्हाला एकट्याने उचलता येते आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येते, ती घेऊन खुशाल निघा.