फाइल सापडली नाही, म्हणजे ती नाहीच असं नसतं

संशोधन सुरू झालं की वर्षभरात शेकडो फाइल्स जमतात. मग आपण एडिटरच्या प्लगइनमध्ये नाव टाकतो आणि जी यादी येते तिच्यावर विश्वास ठेवतो. सुट्टीत वडनेर भोलजीला घरी आलो की मी विंडोजच्या लॅपटॉपवर काम करतो. लॅबमध्ये लिनक्स आहे. प्लगइन तेच, फोल्डर तेच. लॅबमध्ये व्यवस्थित यादी यायची, घरी मात्र एरर. असं का?

बरीच प्लगइन्स स्वतः शोधत नाहीत. ती 'फाइंड' ही बाहेरची कमांड चालवतात आणि तिचं उत्तर आपल्याला दाखवतात. गोम इथेच आहे. लिनक्सचं 'फाइंड' फाइल्सची नावं शोधतं. विंडोजचं 'फाइंड' फाइलच्या आतला मजकूर शोधतं. नाव एकच, प्रोग्रॅम वेगळे! मॅकवरचं 'फाइंड' बीएसडी घराण्यातलं, त्यामुळे ग्नू 'फाइंड'चा 'प्रिंटएफ' हा पर्याय त्याला कळत नाही.

एरर आला तर निदान कळतं तरी. खरा धोका गुपचूप गळणाऱ्या फाइल्सचा. 'शेतकऱ्यांची_माती' हे नाव घ्या. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' अधिक नुक्ता म्हणून. यूटीएफ-८ मध्ये पहिला ३ बाइटचा, दुसरा ६ बाइटचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं दुसऱ्या प्रकारे साठवायची. तिथून आलेली फाइल लिनक्सवर शोधली, तर 'फाइंड' बाइट जुळत नाहीत म्हणून तिला सरळ वगळतं, तेही एरर न देता. तुमच्या सरासरीतून एका शेताचे आकडे गेले, आणि तुम्हाला पत्ताच नाही!

म्हणून तीन सवयी लावून घ्या.

१. सेटिंगमध्ये प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्या. ईमॅक्समध्ये त्यासाठी 'फाइंड-प्रोग्रॅम' हे व्हेरिएबल आहे.

२. फाइलचं नाव रोमन अक्षरं आणि अंकांत ठेवा, स्पेस नको. मराठी शीर्षक फाइलच्या आत लिहा.

३. विश्लेषणाआधी फाइल्स मोजा. वहीत ४० नमुने असतील, तर यादीतही ४० हवेत.

तिसरी सवय सगळ्यात सोपी, आणि आपण नेमकी तीच विसरतो. आज तुमचं एक फोल्डर मोजून बघा.