दुकान घेतले, गिऱ्हाईक कुणाचे?

आमच्याकडे पूर्वी येणारी प्रकरणे ठरलेली असत. वतनाच्या जमिनीचा वाद, जातपडताळणी, अडवलेली बढती, गावातल्या अत्याचाराचा गुन्हा. अलीकडे त्यात एका नव्या प्रकरणाची भर पडली आहे. कुणी पिठाची गिरणी विकत घेतो, कुणी झेरॉक्सचे दुकान, कुणी लॉन्ड्री, आणि सहा महिन्यांत तो वकिलाच्या दारात उभा राहतो. समाजाची मुले नोकरीची वाट पाहत न बसता धंद्यात उतरत आहेत, याचा आम्हाला आनंदच आहे. पण उतरताना धंद्याचा कायदा आपण घरीच ठेवून जातो, याचे दुःख त्याहून मोठे आहे.

ओळख पटेल असे तपशील वगळून एक प्रकरण सांगतो. वडील सफाई कामगार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून मुलाने वस्तीतली चालती गिरणी घेतली. सौदा चार लाखांत ठरला. चक्की, मिरची-मसाल्याचे यंत्र, मोटार, वजनकाटा हे सारे मिळून दीड लाखाच्या वर जात नव्हते. मग वरचे अडीच लाख कशाचे? ते होते रोज दळणाचे डबे घेऊन येणाऱ्या घरांचे. तीन लाख रोख मोजले, एक लाखाचा चेक दिला आणि स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहिल्या. गिरणी सामानासह विकली, रक्कम पावली, तक्रार नाही. संपला करार!

चौथ्या महिन्यात विकणाऱ्याने दोन गल्ल्या सोडून मेहुण्याच्या नावावर नवी गिरणी टाकली. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरोघर निरोप गेला आणि डबे तिकडे वळले. त्यातच मागचे थकलेले वीजबिल निघाले आणि जागामालकाने ‘तुम्ही कोण?’ म्हणून नोटीस धाडली. आम्ही मुलाला विचारले, कागद नीट का केला नाही? तो म्हणाला, ‘साहेब, माणूस आपलाच. जयंतीच्या मंडपात बरोबर राबलेलो. त्याच्याकडे कागद कसा मागायचा?’

या एका वाक्यात साऱ्या समाजाचे दुखणे आहे. आपलेपणाचा आणि कागदाचा जणू वैरभाव आहे, असे आपण धरून चालतो. व्यापारी जाती सख्ख्या भावाशी व्यवहार करतानाही वहीत नोंद करतात आणि त्यांचे नाते तुटत नाही. आपण मात्र लिहून मागितले की अविश्वास दाखवला असे समजतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २७ नुसार कुणालाही धंदा करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरतो. कलकत्ता उच्च न्यायालयात १८७४ साली एक प्रकरण गाजले. एकाच भागातल्या दोन प्रतिस्पर्धी दुकानदारांपैकी एकाने दुसऱ्याला पैसे देऊ केले, तू इथला धंदा बंद कर. त्याने बंद केला, पैसे मात्र मिळाले नाहीत. तो कोर्टात गेला आणि हरला, कारण मुळात करारच कलम २७ मध्ये बसत नव्हता.

मग विकत घेणाऱ्याला संरक्षण नाही काय? आहे. त्याच कलमाला अपवाद आहे. धंद्याचे गुडविल, म्हणजे जमलेला जम आणि नावलौकिक, जो विकतो, तो ठराविक हद्दीत तसलाच धंदा न करण्याचे बंधन स्वीकारू शकतो. घेणारा तिथे तो धंदा चालवत आहे तोवर हे बंधन टिकते. अट एवढीच की हद्द कोर्टाला वाजवी वाटली पाहिजे. गिरणीसाठी एक किलोमीटर वाजवी ठरू शकेल. सारा जिल्हा लिहाल तर टिकणे कठीण. असा करार मोडला तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ खाली मनाई हुकूम मागता येतो.

आमच्या पक्षकाराच्या कागदात गुडविल हा शब्दच नव्हता, हद्द नव्हती, बंधन नव्हते. अडीच लाख ज्या वस्तूसाठी मोजले, तिचा कागदावर उल्लेखच नाही! तोंडी करारही कायद्याने करारच असतो, हे खरे. पण तो सिद्ध कोण करणार? मंडपातले साक्षीदार कोर्टाच्या पायरीवर दिसत नाहीत.

काहीजण तडक पोलीस ठाणे गाठतात. तिथेही निराशा होते, कारण करार मोडणे म्हणजे आपोआप फसवणुकीचा गुन्हा नव्हे. सौदा करतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे. नुकसानभरपाईचा रस्ता दिवाणी कोर्टातून जातो आणि त्याला करार मोडल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. कलम ७३ खाली भरपाई मिळते ती करार मोडल्यामुळे सरळ झालेल्या नुकसानीची, आणि ती हिशेबाच्या वहीने दाखवावी लागते. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा असते. कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढे देते.

म्हणून इसार देण्याआधी काही गोष्टी करा. किमतीची फोड लिहा : यंत्रांचे किती, मालाचे किती, गुडविलचे किती. विकणाऱ्याने स्वतः किंवा नातेवाइकाच्या नावाने किती अंतरात धंदा करायचा नाही, ते लिहा. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, कारण महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ खाली भाडेकरूला आपल्या मर्जीने जागा दुसऱ्याच्या ताब्यात देता येत नाही. यंत्र बँकेच्या किंवा महामंडळाच्या कर्जाचे असेल तर ना हरकत दाखला मागा. धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर मागची थकबाकी तपासा. कलम ८५ नुसार हस्तांतरापूर्वीच्या कराची जबाबदारी देणारा आणि घेणारा या दोघांवरही येते. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. आणि योग्य मुद्रांक लावा, नाहीतर उणीव आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही.

वकिलाची फी परवडत नाही, ही सबब आता सांगू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला कोर्टातल्या दाव्यासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात ही समिती असते. किती जणांनी तिचे दार पाहिले आहे?

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. पण १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईतल्या बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्याच्या नेत्याने व्यापारी कायदा शिकवला, तो समाज चार ओळींवर चार लाख सोडून देतो, याला काय म्हणावे?

त्या गिरणीच्या दाव्यात पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. वीजबिल आणि थोडी रक्कम हाती आली. गेलेली गिऱ्हाइके आली नाहीत. वडील निकालाच्या दिवशी कोर्टात आले होते. ‘तीस वर्षे झाडू मारला, तेव्हा हे पैसे दिसले,’ एवढेच ते म्हणाले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर पुढच्या सौद्याच्या आधी, कागदावर, आपल्याला लिहावे लागेल. समोरचा माणूस आपला असेल, तर तो सही करायला कचरणार नाही. आणि कचरला, तर पैसे खिशात असतानाच माणूस कळला, असे समजा.