पुलाचा पाया : सुरक्षेचा हिशेब कसा मांडायचा?

समजा, नदीकाठच्या चिकणमातीत पुलासाठी पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारा आधारखांब, ठोकायची आहे. सूत्रानुसार ती 300 टनांपर्यंत तग धरेल. तिच्यावर पुलाचे स्वतःचे वजन 60 टन आणि वाहनांचे 30 टन येणार आहे. ही पाइल चालेल का?

जुन्या ‘वर्किंग स्ट्रेस’ पद्धतीत सगळी अनिश्चितता एकाच सुरक्षा गुणांकात कोंबलेली असते. आपल्याकडे रूढ असलेला 2.5 हा गुणांक घेऊन भागले, तर 300 टनांचे 120 होतात. एकूण भार 90 टन, म्हणजे पाइल पास.

अमेरिकेतील ‘आश्टो’ या पूल-रचनेच्या संहितेने 1994 मध्ये वेगळी वाट धरली. ऑक्टोबर 2007 पासून तिथे संघीय निधीतून होणाऱ्या नव्या पुलांना ही नवी पद्धत बंधनकारक झाली. या पद्धतीत भार आणि मातीची ताकद यांचा हिशेब स्वतंत्र असतो. पुलाचे वजन बऱ्यापैकी नेमके ठाऊक असते, म्हणून त्याला 1.25 ने गुणायचे; वाहनांचा नेम नाही, म्हणून 1.75 ने. बेरीज येते 127.5 टन. चिकणमातीतली ताकद मातीच्या गुणधर्मांवरून हिशेब मांडणाऱ्या नुसत्या ‘आल्फा’ सूत्राने काढली असेल, तर तिचा 0.35 पटच भाग धरायचा, म्हणजे 105 टन. पाइल नापास! पण जागेवर लोड टेस्ट घेऊन तेच 300 टन सिद्ध झाले, तर 0.75 पट धरता येतो. 225 टन मिळतात आणि पाइल आरामात पास होते.

चाचणी घेतल्यास गुणांक कमी करण्याची सोय जुन्या पद्धतीतही होती. मात्र ते आकडे मुख्यतः अनुभवातून आले होते. नव्या पद्धतीचे बरेचसे गुणांक प्रत्यक्ष चाचण्यांची आकडेवारी आणि संभाव्यताशास्त्र यांच्या आधारे ठरवले आहेत. भारतातही काँक्रीट पुलांसाठी 2011 च्या आयआरसी 112 या संहितेने याच धर्तीची ‘लिमिट स्टेट’ पद्धत आणली.

तरीही गुणांक सर्वशक्तिमान नाहीत. न्यूयॉर्क राज्यातील स्कोहॅरी क्रीक या नदीवरचा पूल 5 एप्रिल 1987 रोजी पुरात कोसळला आणि 10 जणांचा बळी गेला. पाण्याने उथळ पायाखालची मातीच खरवडून नेली होती. जी माती जागेवर उरलीच नाही, तिच्या ताकदीला कितीने भागले वा गुणले, काय फरक पडतो?

म्हणून बोअरिंग (जमिनीत छिद्र पाडून मातीची तपासणी), लोड टेस्ट आणि पुराच्या खरवडीचा अभ्यास यांवरचा खर्च कधीही छाटू नये. नवी पद्धत चांगली आहे, कारण जमीन नीट न तपासण्याची किंमत ती हिशेबातच वसूल करते.