फुकट पत्रपेटी आणि तिचें भाडें

पत्राला तिकीट लावण्याची संवय असलेल्या समाजाला बिनपैशाच्या टपालाचें नवल वाटावें, हें साहजिकच होतें. ४ जुलै १९९६ रोजीं अमेरिकेंत ‘हॉटमेल’ सुरू झालें. त्याचे संस्थापक दोघे: जॅक स्मिथ आणि सबीर भाटिया. पैकीं भाटिया यांचें कांहीं शालेय शिक्षण पुण्यास झालेलें. तोंपर्यंत ई-मेलचा पत्ता बहुधा कचेरीकडून, विद्यापीठाकडून किंवा इंटरनेटची वर्गणी घेणाऱ्या कंपनीकडून मिळे. नोकरी सुटली कीं पत्ताही सुटे. कोणत्याही संगणकावर आपलें नांव व परवलीचा शब्द देऊन पत्रें वाचावीं, ही सोय हॉटमेलनें फुकट दिली. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनें तें विकत घेतलें. त्याच वर्षीं याहूची टपालसेवा निघाली, आणि पुढें मुंबईच्या रेडिफचा पत्ताही घरोघर दिसूं लागला.

त्या पेट्यांत जागा मात्र नांवापुरतीच असे. २००४ च्या आरंभीं हॉटमेलची पेटी २ एमबीची, तर याहूची ४ एमबीची होती. परदेशीं गेलेल्या मुलानें नातवाचीं चार छायाचित्रें पाठविलीं कीं पेटी भरे. मग जुनीं पत्रें पुसून नव्यांना वाट करून द्यावी लागे. १ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें १ जीबीची पेटी जाहीर केली, तेव्हां तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती, पण फुकटही नव्हती. पत्रांतील मजकूर यंत्राकरवीं चाळून त्याला साजेशा जाहिराती शेजारीं दाखविल्या जात. जाहिरातींसाठीं पत्रें चाळण्याची ही प्रथा थांबविण्याचें गूगलनें २०१७ सालीं जाहीर केलें. जाहिराती अर्थात् राहिल्याच.

आज जीमेलची जागा १५ जीबी आहे. परंतु साठविलेलीं छायाचित्रें व कागदपत्रें त्याच जागेंत मोजलीं जातात. छायाचित्रांनीं घर भरलें कीं पत्रांनाही दार बंद होतें, ही गोष्ट अनेकांना फार उशिरां कळते. याहूनें २०१३ सालीं १ टीबी देऊं केली होती. २०२५ सालीं ती २० जीबीवर आणली. दात्यानें दिलेलें दाता परत घेऊं शकतो, तक्रार कोणाकडे करावयाची? स्वित्झर्लंडचें प्रोटॉन मेल पत्रें कुलुपबंद ठेवतें, साठविलेला मजकूर खुद्द कंपनीसही वाचतां येत नाहीं; पण पत्राचा विषय त्या कुलुपाबाहेर राहतो, आणि बिनपैशाची जागा अवघी १ जीबी.

मोठ्या फाइलींचीही अडचण आहेच. जीमेल व याहू यांची मर्यादा २५ एमबीची. शिवाय पाठवितांना फाइलीचें रूपांतर होऊन ती सुमारें एक-तृतीयांशानें फुगते.

खरी अडचण मात्र जागेची नव्हे, ताब्याची आहे. याहूची पेटी बारा महिने न उघडल्यास ती रिकामी होऊं शकते. दोन वर्षें न वापरलेलें वैयक्तिक खातें काढून टाकण्याचा अधिकार गूगलनें राखून ठेविला आहे. घरांतील वडील माणूस निवर्तला, परवलीचा शब्द कोणास ठाऊक नाहीं, आणि खातरजमेचा संकेतांक ज्या मोबाईलवर यावयाचा तो क्रमांक मुलांनीं बंद केला, म्हणजे वीस वर्षांचा पत्रव्यवहार पेटींत असून नसल्यासारखा होतो. येथें पोस्टमास्तरांना भेटावें, तर खिडकीच नाहीं. यासाठींच गूगलमध्यें, खातें अमुक महिने निष्क्रिय राहिल्यास त्यांतील माहिती कोणास द्यावी, हें आधींच नोंदवून ठेवण्याची सोय आहे. ती हयातींतच करावी लागते, आणि ‘करूं सवडीनें’ म्हणून बहुतेकांची राहून जाते. सर्व पत्रें एकगठ्ठा उतरवून घरच्या संगणकावर ठेवतां येतात, तेंही याच बैठकींत उरकावें.

मोबाईलची कंपनी बदलली तरी क्रमांक आपला राहतो; भारतांत ही सोय २०११ पासून देशभर आहे. फुकट ई-मेलच्या पत्त्याला ती नाहीं. पेटी सोडली कीं पत्ता सोडावा लागतो, आणि बँक, विमा, शाळा, आप्तेष्ट या सर्वांना नवा पत्ता कळवीत बसावें लागतें. ज्यांना हें टाळावयाचें असेल त्यांनीं स्वतःच्या नांवाचें डोमेन घ्यावें. त्याला वर्षाकांठीं थोडी रक्कम पडते, आणि ती भरावयाची विसरल्यास तोही पत्ता जातो.