सावलींतील कॉफी आणि घरचा व्यापार

मेळघाटांत चिखलदऱ्याच्या पठारावर कॉफीचे थोडे मळे आहेत; तेवढे सोडल्यास आपल्याकडील बहुतेक शेतकऱ्यांस कॉफी म्हणजे डब्यांतील भुकटी एवढीच ठाऊक. म्हणून गेल्या हिवाळ्यांत कर्नाटकांतील कोडगू जिल्ह्यांत एका मळेवाल्या कुटुंबाकडे आम्ही चार दिवस राहिलों, त्याची हकीकत येथें देतों. सारा जन्म महसूल दफ्तरांत गेल्यामुळें आमची नजर आधीं हिशेबाकडे वळते, हें वाचकांनीं चालवून घ्यावें.

त्या मळ्यांत कॉफी एकटी नाहीं. वर फणस, पांगारा व रानचीं उंच झाडें, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल, आणि खालीं कॉफीचीं झुडपें. सावलीनें जमिनीची ओल टिकते, पाचोळ्याचें खत होतें, आणि अरेबिका जातीस पोखरणारा खोडकिडा उन्हांत माजतो तितका सावलींत माजत नाहीं. मार्च-एप्रिलांत वळिवाची सर आल्यावर पांढरा फुलोरा येतो. लाल फळें नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंत हातानें वेंचतात. सर्व फळें एकदम पिकत नसल्यानें त्याच झुडपाकडे पुनःपुन्हां जावें लागतें. मग गर काढून, आंबवून, धुवून बी वाळवितात.

१९४२ च्या कायद्याखालीं मळेवाल्याचा माल कॉफी बोर्डाकडे एकत्र जमा होई. आपल्या मनाप्रमाणें बाजारांत विकण्याची मोकळीक त्यास नसे. हीं बंधनें १९९२ पासून सैल होत गेलीं व १९९६ पर्यंत सर्वांस खुली विक्री मिळाली. परंतु लवकरच, २००१ च्या सुमारास, जगांतील भाव कोसळले.

त्या वेळीं या घरावर बँकेचें कर्ज होतें. एका लांकूडवाल्यानें मळ्यांतील मोठ्या झाडांबद्दल रोख रक्कम देऊं केली. थोरला मुलगा राजी होता; आई राजी नव्हती. "झाडें गेल्यावर विकायचें काय?" एवढेंच ती म्हणाली. मिरीच्या पैशांतून निम्मा हप्ता भागला, उरलेल्यासाठीं तिच्या सोन्याच्या बांगड्या गेल्या. त्याच वर्षीं घरच्या कढईंत बी भाजून, दळून, ओळखीच्या दहा घरीं पाठविण्यास त्यांनीं आरंभ केला.

आज कॉफीबरोबर मिरी, मध आणि काचमपुळी, म्हणजे कोकमाच्या जातीच्या फळाचा आटवलेला काळा आंबट रस, हेंही ते विकतात. चिकोरी मिसळलेली असल्यास तिचें प्रमाण पुडीवर छापतात. आम्हीं त्यांची वही चाळली. भाजणी, पुड्या, टपाल व मजुरी वजा जातां फार मोठी रक्कम उरत नाहीं. पण घाऊक व्यापाऱ्याच्या भावापेक्षां ती अधिक आहे, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षें तेंच आहे.

हळद, काजू, कोकम पिकविणाऱ्या आपल्या बांधवांनीं स्वतःच्या नांवानें माल अवश्य विकावा. मात्र पुडीवर जें लिहूं तें मळ्यांत उभें असलें पाहिजे. त्या माउलीच्या बांगड्या पुढें पुन्हां घडविल्या गेल्या. झाडें तोडलीं असतीं तर तीं तिच्या हयातींत पुन्हां झालीं नसतीं.