जुन्या तिकिटाचे मोल

घरातली जुनी पेटी उघडली, की कधी कधी आजोबा-पणजोबांची पत्रे निघतात. पाकिटावर राजाचे चित्र असलेले एक आण्याचे तिकीट असते. मग घरात बोलणे सुरू होते. कुणी म्हणतो, "इंग्रजांच्या वेळचे आहे. लाखाला जाईल!" कुणी म्हणतो, "कागदाच्या कपट्याला कोण पैसे देतो? टाका चुलीत." दोघेही घाई करतात. तिकिटाचे मोल कसे ठरते, ते आपण नीट समजून घेऊ या.

पहिली गोष्ट ही, की जुने म्हणजे महाग असे नाही. कोल्हापूरच्या सौद्यात गुळाची आवक वाढली, की भाव उतरतो. तिकिटाचेही तसेच आहे. आपल्या देशाची तिकिटे पूर्वी अनेक वर्षे विलायतेत छापत. १९२६ सालापासून ती नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापू लागले. राजाच्या चित्राची साधी तिकिटे तिथे अमाप छापली. ती घरोघरी पत्रांवर लागली आणि घरोघरी उरली. म्हणून असे सुटे तिकीट आज बहुधा थोड्याच रुपयांना जाते.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली ज्या चीनमध्ये रुग्णसेवेला गेले, तिथलेच बघा. त्या काळात तिथे सन यत्-सेन या पुढाऱ्याच्या चित्राची तिकिटे होती. पुढे महागाई भडकली. जुन्या तिकिटांवर हजारांचे, लाखांचे नवे आकडे छापावे लागले. आकडा मोठा, पण तिकिटे ढिगाने! म्हणून त्यांतली पुष्कळशी आजही स्वस्तच आहेत. उलट १९८० साली चीनने माकडाच्या चित्राचे आठ फेनचे तिकीट काढले. फेन म्हणजे तिथला पैसा. ते तिकीट त्या मानाने नवे, पण मागणी फार. म्हणून त्याला मोठी किंमत येते.

आपल्याकडेही दुर्मिळ तिकिटे आहेत. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटे निघाली. त्यांतली थोडी गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ठेवून त्यांवर 'सर्व्हिस' हा शब्द छापला. २०१७ साली दहा रुपयांची तशी चार जोडतिकिटे इंग्लंडमध्ये पाच लाख पौंडांना गेली. पण सावध राहा. साध्या तिकिटावर तो शब्द मागाहून छापून फसवणारेही असतात.

आता तिकीट पारखायचे कसे? ते उजेडाकडे धरा. कागद कुठे पातळ झाला आहे का, फाटला आहे का, ते दिसेल. कडेचे दाते मोजके तरी तुटले आहेत का, ते बघा. रंग उडाला आहे का? टपालाच्या शिक्क्याने चित्र पार काळे झाले आहे का? यांतले काही असले, की भाव पडतो. तिकिटांच्या किमतीची छापील पुस्तके मिळतात. पण त्यांतला भाव चांगल्या तिकिटाचा, आणि तोही दुकानदार विकतो तेव्हाचा. तो आपल्याकडून घेताना पुष्कळ कमी देणार.

पाकिटावरचे तिकीट कधी कापू नका, ओढून काढू नका. गावाचा नि तारखेचा शिक्का स्पष्ट असेल, तर अख्ख्या पाकिटाला सुट्या तिकिटापेक्षा जास्त मोल येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात आपल्या भागातले जवान आफ्रिकेत, इटलीत लढले. त्यांच्या पत्रांवर लष्करी टपालाचे शिक्के असत. अशी पाकिटे जपा. कोल्हापूर संस्थानचे जुने स्टँपपेपर असतील, तर त्यांना तर कात्री लावूच नका. तो जमिनीचा, वाटणीचा पुरावा असू शकतो. चार रुपयांच्या मुद्रांकापायी शेताचा कागद बिघडवायचा, यात शहाणपण कसले?

आणखी एक. मोबाइलवर निरोप येतो, "तुमच्या जुन्या नाण्याला, तिकिटाला लाखो रुपये देतो. आधी फी भरा, कर भरा." पैसे भरले, की तो माणूस गायब! जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने अशी फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ साली दिला होता. एवढे ध्यानात ठेवा: विकणारा पैसे घेतो, देत नाही. जो घेणारा आधी आपल्याकडेच पैसे मागतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. तिकीट विकायचेच असेल, तर दोन-तीन जाणकारांना दाखवावे, आणि मगच हातचे सोडावे.

आणि वाचकहो, तिकिटाचा भाव विचारण्याआधी आतले पत्र वाचा. आता तुम्हाला वाचता येते. त्यात कुणाचे देणे-घेणे असेल, कुणाच्या जन्माची तारीख असेल. ते मोल दुसऱ्या कुणाला ठरवता येणार नाही.