पिंवळा सदरा

परीक्षा नाहीं, घरांत कोणाचें दुखणें नाहीं, आणि तरीहि रात्रीं दीड वाजतां दिवाणखान्यांत दिवा जळतो आहे, असा प्रकार ९ जुलै २०१४ रोजीं आमच्या शनिवार पेठेंतील घरीं घडला. आमचा पुतण्या पिंवळा सदरा घालून टेलिव्हिजनसमोर बसला होता. ब्राझील व जर्मनी यांचा विश्वचषकाचा उपांत्य सामना बेलो होरिझोंते शहरीं चालला होता. पहिल्या २९ मिनिटांत जर्मनांनीं ५ गोल केले. शेवटीं ७ विरुद्ध १ असा ब्राझीलचा पराभव झाला. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी पाहून आम्हांस प्रथम हसूं आलें. ज्या देशाची भाषा येत नाहीं, जेथें आपलें कोणी नाहीं, त्याच्या पराभवानें पुण्याच्या मुलानें रडावें हें काय? परंतु मागाहून चौकशी करतां असें आढळलें कीं, त्या सदऱ्याचा जन्मच मुळीं एका पराभवांतून झालेला आहे.

१९५० सालीं ही स्पर्धा ब्राझीलांत भरली. (हिंदी संघासहि तींत जागा मिळाली होती, पण तो गेलाच नाहीं!) त्या काळीं ब्राझीलचा सदरा पांढरा असे. रिओ दि जानेरो येथें माराकानाचें प्रचंड क्रीडांगण मुद्दाम बांधलें होतें. स्वीडनवर ७ व स्पेनवर ६ गोल चढविल्यावर १६ जुलै रोजीं उरुग्वेशीं नुसती बरोबरी झाली असती तरी चषक ब्राझीलचाच होता. तिकीट काढून आलेले प्रेक्षकच पावणेदोन लाखांच्या घरांत होते. उत्तरार्धाच्या आरंभींच ब्राझीलनें गोल केला. पुढें उरुग्वेच्या स्कियाफिनोनें बरोबरी साधली. आणि खेळ संपावयास ११ मिनिटें असतां घिजियानें उजवीकडून मुसंडी मारून गोलरक्षक बार्बोझा व जवळचा खांब यांच्यामधून चेंडू आंत घातला. बाउरू गांवीं वडिलांस रडतांना पाहून ९ वर्षांच्या एका मुलानें, ‘तुमच्यासाठीं मी चषक आणीन,’ असें वचन दिलें. तो मुलगा म्हणजे पेले.

पुढें पांढऱ्या सदऱ्यावरचें लोकांचें मन उडालें. १९५३ सालीं रिओच्या एका वर्तमानपत्रानें नव्या पोषाखासाठीं स्पर्धा लाविली. अट एकच, निशाणांतील हिरवा, पिंवळा, निळा व पांढरा हे चारहि रंग आले पाहिजेत. १९ वर्षांच्या आल्दिर श्ली नामक तरुणानें पिंवळा सदरा, हिरवी किनार, निळी चड्डी व पांढरे मोजे असें चित्र काढून ती जिंकली. गंमत अशी कीं, हा गृहस्थ उरुग्वेच्या सीमेवरील गांवचा, आणि मनानें उरुग्वेचाच पक्षपाती!

१९५८ सालीं पेलेनें वचन पाळलें, परंतु पिंवळ्या सदऱ्यांत नव्हे. अंतिम सामन्यांत यजमान स्वीडनचा रंगहि पिंवळाच असल्यामुळें ऐन वेळीं निळे सदरे विकत आणावे लागले. खेळाडूंचीं मनें खट्टू होऊं नयेत म्हणून, ‘हा तर आपल्या आपारेसिदा मातेच्या वस्त्राचा रंग,’ अशी त्यांच्या प्रमुखानें समजूत घातली म्हणतात. सामना ५ विरुद्ध २ असा जिंकला. पिंवळ्या रंगानें जगास मोहिनी घातली ती १९७० सालीं; मेक्सिकोंतील ती स्पर्धा टेलिव्हिजनवर प्रथमच रंगीत दिसली. तेव्हांपासून हा संघ ब्राझीलपुरता राहिलाच नाहीं. आमच्या कोल्हापुरास तालमींचे स्वतःचे फुटबॉल संघ आहेत. तेथें विश्वचषकाच्या दिवसांत गल्ल्यागल्ल्यांतून ब्राझील व आर्जेंटिना यांचीं निशाणें फडकतात.

पण या साऱ्या वैभवांत बार्बोझा कोठें होता? तो त्या काळचा नामांकित गोलरक्षक. तरी एका गोलाचा ठपका जन्मभर त्याच्या माथीं राहिला. वीस वर्षांनंतर बाजारांत एका बाईनें त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलास सांगितलें कीं, सगळ्या ब्राझीलला रडविणारा माणूस तो हाच. आमच्या देशांत मोठ्यांत मोठी शिक्षा ३० वर्षांची, मी मात्र ५० वर्षें भोगीत आहें, असें तो उतारवयांत म्हणे. २००० सालीं तो वारला. ज्यांचा संघ त्यांनींच आपल्या माणसाचे असे हाल करावे, हें वाचून आम्ही कांहीं वेळ स्वस्थ बसून राहिलों. संघावर मालकी सांगणाऱ्यांचें प्रेम असें असेल, तर आमच्या पुतण्याचें बिनमालकीचें प्रेम आम्हांस अधिक निर्मळ वाटतें. त्यानें त्या रात्रीं एकाहि खेळाडूस शिवी दिली नाहीं.

त्याच सकाळीं आमच्या मातुःश्रींनीं तो सदरा धुवून दोरीवर टाकिला होता. आषाढांतला पाऊस, वाळणार कसला? ‘अरे, हरले ना ते? दुसरा घाल,’ असें त्या म्हणत असतांच स्वारी तो दमट सदरा अंगांत घालून सायकलवरून कॉलेजांत गेलीसुद्धां.